मर्दना, मादणें, आरोगणा, पहुड: रिद्धपूरचा सातशे वर्षांपूर्वीचा पाहुणचार

कोणत्याही मोठ्या हॉटेलचं ॲप उघडा, चार गोष्टी हमखास दिसतात. स्पा, ऐसपैस बाथरूम, फाइन डायनिंग आणि पाठ टेकताच डोळा लागेल असा पलंग. आता हे चार शब्द ऐका. मर्दना, मादणें, आरोगणा, पहुड.

मर्दना म्हणजे अंग चोळून देणं. मादणें म्हणजे आंघोळ. आरोगणा म्हणजे जेवण, पण तुमचं-माझं नाही, आदराने वाढलेलं थोरांचं जेवण. आणि पहुड म्हणजे त्यांचं निजणं. उठले की उपहुड. जेवण झालं की गुळळा, म्हणजे चूळ, आणि मग विडा. कुठे निघाले तर 'गेले' म्हणायचं नाही, 'बीजें केलें' म्हणायचं. पाहुण्याच्या प्रत्येक हालचालीला वेगळा, अदबीचा शब्द. आजच्या हॉटेलात पोरांना ट्रेनिंग देऊन 'एन्जॉय युअर मील' म्हणायला शिकवतात ना, तसं. फरक एवढाच, की हे शब्द तेराव्या शतकातल्या मराठीतले आहेत आणि त्यांच्या गोष्टीचा पत्ता आहे रिद्धपूर, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती.

लक्झरी हॉटेलांचा इतिहास सांगायचा तर सगळे मुंबईपासून सुरुवात करतात. ताजमहाल हॉटेल, १६ डिसेंबर १९०३, जमशेटजी टाटा. तिथे आपणही जाणार आहोत, पण थोडं थांबा. हॉटेल म्हणजे काय याचे संगमरवर आणि झुंबरं काढून टाकली, तर खाली दोनच प्रश्न उरतात. आपल्याला आत कोण घेतं? आणि आपल्याला कोण वाढतं? या दोन प्रश्नांवर रिद्धपुरात सातशे वर्षांपूर्वी मोठी खळबळ झाली होती, आणि नशिबाने ती कुणीतरी लिहून ठेवली.

लिहून ठेवणारे म्हणजे म्हाइंभट. महानुभाव पंथाचे संस्थापक सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी १२७४च्या सुमारास शिष्यांमधून निघून गेले. जाताना त्यांनी शिष्यांना सांगितलं होतं, की रिद्धपूरला माझ्या गुरूंकडे, श्रीगोविंदप्रभूंकडे जा. नागदेवाचार्य आणि बाकी मंडळी इथे येऊन राहिली. स्वामी समोर नाहीत, मग करायचं काय? तर त्यांच्या लीळा आठवायच्या. ते कुठे बसले, काय बोलले, काय जेवले, कोणत्या अंगाने निजले, सगळं. आठवण हीच साधना. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांना विचारून या आठवणी गोळा केल्या. त्यातून 'लीळाचरित्र' उभं राहिलं. परंपरेने त्याचं साल १२७८ सांगतात. पुढे गोविंदप्रभूंचंही असंच चरित्र झालं, त्याला 'ऋद्धिपुरचरित्र' म्हणतात. मराठी गद्यातले हे पहिले मोठे ग्रंथ.

यातली गंमत अशी, की मराठी गद्याची सुरुवात युद्धाच्या वर्णनाने झालेली नाही, राजाच्या स्तुतीनेही नाही. कोणी काय रांधलं, कोणी वाढलं, कोणाच्या ओसरीवर मुक्काम पडला, अशा नोंदींनी ती भरलेली आहे. ज्या काळात मोठे लोक मोठ्या गोष्टी संस्कृतात लिहीत, त्या काळात इथे स्वयंपाकघर ग्रंथात आलं. आणि ते बोलीत आलं. नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहू पाहणाऱ्या शिष्याला अडवलं होतं, कारण मग पंथातल्या म्हाताऱ्या बायांना काय कळणार? ज्या बाया रांधत होत्या, त्यांना वाचून दाखवलं तर समजलं पाहिजे, असा तो साधा हिशेब.

बरं, आता मुख्य प्रसंगाकडे येऊ.

परंपरा सांगते, की चक्रधर स्वामी मूळचे गुजरातचे राजपुत्र. नाव हरपाळदेव. रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाले आणि वाटेत रिद्धपुरात आले. राजवाड्यात वाढलेला माणूस. खाण्यापिण्याची काय कमी असणार? त्या काळातल्या दरबारी जेवणाची कल्पना यायची असेल तर 'मानसोल्लास' बघा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बाराव्या शतकाचा पूर्वार्ध. त्याने या संस्कृत ग्रंथात राजाच्या उपभोगांची यादीच दिली आहे, त्यात अन्नभोग नावाचं प्रकरण आहे. इडली आणि डोशाचे पूर्वज त्यात आहेत, वडे आहेत, मांडे आहेत, दुधात भिजवलेले वडे आहेत, मासे, कासव आहेत, आणि हो, शेतातले भाजलेले उंदीरसुद्धा आहेत. आज कोणत्याही शेफने हा मेनू छापला तर लोक टेबल मिळावं म्हणून महिनाभर आधी फोन करतील. सोमेश्वराला माहीत होतं, की चांगलं जेवण ही राजाची ओळख असते.

अशा जगातून आलेल्या हरपाळदेवांना रिद्धपुरात जे मिळालं, ते राजवाड्यात नाही मिळालं. ते मिळालं रांधवणहाटात.

हा शब्द जरा जिभेवर घोळवा. रांधणं म्हणजे शिजवणं, वऱ्हाडात आजही म्हणतात. हाट म्हणजे बाजार. रांधवणहाट म्हणजे शिजवलेलं अन्न विकायची जागा. थोडक्यात, खाऊगल्ली! तेराव्या शतकात, आपल्या मोर्शी तालुक्यात. या हाटात गोविंदप्रभू सेंगुळेबुड्डे नावाचा पदार्थ खात होते. शब्द ऐकताच आपल्याला शेंगोळे आठवतात, कुळथाच्या पिठाचे. गोविंदप्रभूंनी खाता खाता आपलं उष्टं प्रसाद म्हणून या परक्या पाहुण्याला दिलं. त्याने ते घेतलं. महानुभाव श्रद्धेत हा क्षण फार मोठा आहे. इथेच चक्रधरांनी गुरूकडून शक्ती स्वीकारली. एका पंथाची सुरुवात बाजारातल्या पदार्थाच्या उष्ट्या घासाने झाली.

पॅरिसमध्ये 'रेस्तराँ' हा शब्द जेवणाच्या दुकानाला लागला तो अठराव्या शतकात, आणि मूळ अर्थ होता अंगात ताकद आणणारा रस्सा. पण विकत जेवण मिळण्याची सोय त्याच्या खूप आधीची. चीनमधल्या काइफंग शहराबद्दल मंग युआनलाओ नावाच्या माणसाने ११४७मध्ये आठवणी लिहिल्या. तिथे गिऱ्हाइकं ओरडून ऑर्डर देत, एकाला गरम हवं, दुसऱ्याला गार, आणि वाढपी हातापासून खांद्यापर्यंत वाडगे रचून आणत. ऑर्डर चुकली की मालकाचा ओरडा, कधी पगारही कापला जाई. तेव्हाचं रिद्धपूर काही काइफंग नव्हतं. देवळांचं गाव, त्यातली एक हाटाची जागा. पण विकतचं, कोणी रांधलं ते न विचारता खाण्याचं अन्न इथे होतं, एवढं पक्कं. आणि ज्या समाजात कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाच्या हातचं नाही यावर माणसाची किंमत ठरते, तिथे ही छोटी गोष्ट नाही.

आता गोविंदप्रभूंविषयी. लोक त्यांना गुंडम राऊळ म्हणत, नुसतं राऊळही म्हणत. हॉटेलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर महाकठीण पाहुणा! कोणाच्याही घरात शिरायचे. भांडी उघडायचे. देवासाठी ठेवलेला नैवेद्य देवाच्या आधी उचलायचे. लहान मुलासारखे हट्ट धरायचे. त्या हट्टाला जुन्या मराठीत आळि म्हणतात. एका लीळेत त्यांनी धिरड्याची आळि घेतली आणि महदाइसेला चुलीपाशी बसावं लागलं. ही महदाइसा म्हणजे मराठीची आद्य कवयित्री. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा शिष्यांनी मांडला तेव्हा तिने धवळे रचले. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव आपण परीक्षेत लिहितो, पण ती राऊळांसाठी धिरडं करत होती हे आपल्याला कोणी सांगत नाही. मला विचाराल तर दोन्ही एकाच वाक्यात सांगायला हवं.

काही गावकरी त्यांना वेडे म्हणत. काही मायबाप म्हणत. बऱ्याचदा तेच लोक दोन्ही म्हणत. ॲन फेल्डहाउस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८४मध्ये या चरित्राचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं, त्याच्या नावातच रिद्धपूर आहे. आपल्या वऱ्हाडातल्या एका गावची नोंद जगभरच्या विद्यापीठांत वाचली जाते. आणि आपण? चांदूरबाजारला जाताना पाटी दिसते, गाडी पुढे जाते.

आता खळबळीकडे.

राऊळ महारांच्या, मातंगांच्या घरी जात. तिथून उठून थेट ब्राह्मणांच्या, दीक्षितांच्या घरात शिरत. हात धुणं नाही, आंघोळ नाही, मधे काही नाही. गावातली प्रतिष्ठित मंडळी अस्वस्थ झाली. तक्रार अशी, की यांनी सगळं गाव बाटवलं, आता उरलं काय? तक्रार चरित्रातच नोंदलेली आहे, शिष्यांनी ती लपवली नाही. एका लीळेत मातंगांना पाण्याची अडचण आहे, ते राऊळांना विनवतात आणि राऊळ त्यांना विहिरीची जागा दाखवतात. बघा, रांधवणहाटातला घास, मातंगांच्या घरची भेट आणि ही विहीर एकाच माणसाच्या एकाच गावातल्या गोष्टी आहेत. जेवण आणि पाणी. त्या काळात माणसाला बाहेर ठेवायची सगळ्यात मोठी भिंत याच दोन गोष्टींची होती.

आणि सेवा करणारे शिष्य? ते स्वतः काय खात? इथे मला हा सगळा पाहुणचार एकदम वेगळा वाटायला लागतो. राऊळांना मर्दना, मादणें, आरोगणा, विडा. शिष्यांना झोळी. महानुभाव साधकाचा दिवस पाच शब्दांत सांगतात: अटन, विजन, भिक्षा, भोजन, निद्रा. फिरा, एकांतात बसा, भिक्षा मागा, जेवा, निजा. भिक्षा मागताना घर निवडायचं नाही. चारही वर्णांच्या दारात जायचं. कोणी भाकर घालेल, कोणी भात, कोणी कालचं काही. सगळं एकाच झोळीत. तूप घातलेलं आणि आंबलेलं एकत्र. मग गावाबाहेर, नदीकाठी बसून खायचं. चव शोधायचीच नाही, हा नियम. राहायचं कुठे? स्वामींची शिकवण होती, की जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा जागी, देशाच्या टोकाला, झाडाखाली आयुष्य काढावं.

म्हणजे हॉटेलच्या बरोबर उलटी व्यवस्था. हॉटेल म्हणतं, तुम्ही कोण आहात ते आम्हाला माहीत आहे, तुमच्या आवडीची उशी आम्ही ठेवली आहे. हे म्हणतात, तुम्ही कोण आहात हे कुणालाच माहीत नसू दे. ज्यांनी दिवसभर दुसऱ्याच्या आवडीची धिरडी केली, त्यांनी स्वतःच्या जिभेला आवड अशी ठेवलीच नाही. मला हे सगळं पटतं असं नाही. चवीशी इतकं वैर कशाला, असं मला वाटतंच. पण हे लोक आरामाला नावं ठेवत नव्हते हे ध्यानात घ्या. आराम काय असतो ते त्यांना बारकाईने माहीत होतं, म्हणून तर प्रत्येक टप्प्याला त्यांच्याकडे शब्द आहे. फक्त तो आराम ते स्वतः घेत नव्हते, देत होते.

आता रिद्धपुरातून थोडं बाहेर पडू, कारण दुसरा प्रश्न अजून बाकी आहे. आत कोण घेतं?

सहा-सातशे वर्षं पुढे या. मुंबईत वॉटसन हॉटेल. लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आणून उभारलेलं, एकोणिसाव्या शतकातलं सर्वांत नावाजलेलं. १८९६मध्ये भारतात पहिल्यांदा सिनेमा दाखवला गेला तो इथेच. पण राहायला फक्त गोरे. जमशेटजींना तिथे अडवलं आणि त्या रागातून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट तुम्ही फॉरवर्डमध्ये वाचलीच असेल. तिला ठोस आधार नाही, सिनेमासारखी आहे म्हणून चालते. खरी गोष्ट तेवढीच मोठी आहे: १९०३मध्ये उघडलेल्या ताजच्या दारात पैसे असलेल्या भारतीयाला अडवत नव्हते. विजेचे दिवे, अमेरिकन पंखे, जर्मन लिफ्ट, तुर्की पद्धतीची न्हाणीघरं, हे सगळं होतंच. पण त्या काळच्या मुंबईत, पैसे भरणारा कोणताही माणूस पाहुणा, ही सगळ्यात नवी सोय होती.

सगळीकडे असं नव्हतं. १९१७. परदेशात शिकून आलेला एक तरुण बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला जातो. संस्थान मराठी राजाचं, गायकवाडांचं. राहायचं कुठे? हिंदू हॉटेलात जात विचारणार. तो एका पारशी सरायमध्ये जातो. तिथे फक्त पारशांना जागा, म्हणून रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहून राहतो. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला जमाव जिना चढून येतो आणि खोली रिकामी करायला सांगतो. शहरभर फिरूनही त्याला जागा मिळत नाही. तो बागेत जाऊन बसतो आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत येतो. तरुणाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. बाबासाहेबांनी हे पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणीत लिहिलं आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाला एक खोली मिळेना.

ज्यांना 'स्टे' हा शब्द फक्त रीलमध्ये भेटतो, त्यांनी ही आठवण एकदा वाचाच. चेक-इन करताना आपण आधार कार्ड देतो, काउंटरवरचा माणूस आडनाव बघतो आणि हसून किल्ली देतो. त्या किल्लीमागे केवढा इतिहास आहे.

आणि वऱ्हाडाने याला उत्तर काय दिलं? अमरावतीत १९२७मध्ये अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला, पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते. पण मुक्कामाच्या प्रश्नावर सगळ्यात मोठं काम केलं ते अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावात १८७६मध्ये जन्मलेल्या माणसाने. गाडगेबाबा. पंढरपूर, नाशिक, देहू, जिथे जिथे यात्रेकरू उघड्यावर झोपत, तिथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा खास ज्यांना कोणी छपराखाली घेत नव्हतं त्यांच्यासाठी. १९४९मध्ये बाबांनी ती बाबासाहेबांच्या स्वाधीन केली. बडोद्यात खोली नाकारली गेलेल्या माणसाच्या हाती एक अख्खी धर्मशाळा!

स्वतः गाडगेबाबा? धर्मशाळा बांधायची आणि आपण बाहेर झोपायचं. फुटक्या मडक्याच्या खापरात मागून आणलेली भाकर खायची, त्या गाडग्यावरूनच नाव पडलं. ते काही महानुभाव नव्हते. त्यांचा वारसा कीर्तनाचा, वारकऱ्यांच्या जवळचा. पण दुसऱ्याला छप्पर आणि आपल्याला झाड, ही रीत वऱ्हाडाच्या मातीत आधीपासून होती एवढं मी म्हणेन.

आता परत रिद्धपूर. आज तिथे पंचतारांकित काही नाही. महानुभावांचे मठ आहेत, राजमठ आहे, जिथे गोविंदप्रभूंचं वास्तव्य होतं. यात्रेकरू येतात, मठात उतरतात, पंगतीत जेवतात. मराठी भाषा विद्यापीठ इथे सुरू झालंय, २०२३च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली होती, त्यामुळे निदान पाटीपाशी गाडी थांबायला लागेल. गेलात तर एक गोष्ट नक्की बघा. महानुभावांनी लीळा घडलेली प्रत्येक जागा जपून ठेवली आहे. त्यासाठी त्यांच्याकडे 'स्थानपोथी' नावाचा ग्रंथ आहे, चौदाव्या शतकातला. कोणत्या देवळाच्या कोणत्या दिशेला, कोणत्या पायरीपाशी, कोण बसलं होतं, असा तपशील. एकट्या रिद्धपुराच्या वर्णनावर एक वेगळं काव्यही आहे, पंथाच्या मानाच्या सात काव्यग्रंथांत त्याची गणना होते. या जागांवर ओटे बांधलेले असतात. भाविक त्यांवर डोकं टेकतात.

एखाद्या जुन्या हॉटेलात गेलं की भिंतीवर फोटो असतात बघा, अमुक नट इथे जेवला, तमुक पंतप्रधान या टेबलावर बसले. इथे फोटो नाही, ओटा आहे. त्यातल्या काही ओट्यांच्या जागी कोणी झोपलं होतं, कोणी जेवलं होतं, कोणी नुसतं टेकलं होतं. वाढणाऱ्यांची नावं ओट्यावर नाहीत, पण चरित्रात आहेत, महदाइसा, आबाइसा, साधें. सातशे वर्षांपूर्वीच्या वाढपी बायांची नावं जगात किती ठिकाणी सापडतील, मला शंका आहे.

जाताना वांग्याची भाजी आणि रोडगे कुठे मिळतात ते गावात विचारा. महागड्या हॉटेलांच्या मेनूवर हल्ली ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी पोर्सेलीनच्या बशीत 'रीजनल स्पेशल' म्हणून येते. तिथे तिची किंमत बघितली की आजीला फोन करावासा वाटतो.

हे सगळे ग्रंथ इतकी शतकं बाहेरच्या लोकांना वाचताच आले नाहीत, कारण पंथाने ते सांकेतिक लिपीत लिहून ठेवले होते. ती लिपी कशी होती आणि ती कशी उलगडली, ते पुढच्या भागात. तोवर घरी कोणी धिरडी केली, तर कोणी केली हे विचारून लिहून ठेवा. भेटू.